स्वतः पळायचं की खो द्यायचा?

सांगलीच्या विश्रामबाग भागातल्या एका शाळेचे क्रीडाशिक्षक लिहितात : सातवी-आठवीच्या अठरा मुलांचा फुटबॉल संघ ते दोन वर्षं घडवत आहेत. सरावात मुलं जमिनीवर मांडलेल्या प्लॅस्टिकच्या कोनमधून बॉल सफाईनं काढतात, जोडीजोडीनं पासही नीट देतात. सामना सुरू झाला की मात्र सगळं विसरतात. बॉल पायात आला की आधी सरांकडे बघतात, मग घाबरून कुठंही मारतात, नाहीतर तिघांच्या गराड्यात शिरून घालवतात. संघातला सर्वांत चपळ मुलगा पास देतच नाही. कोल्हापूरच्या एका शाळेविरुद्ध नुकताच 0-5 असा सामना गेला. ‘मी लाइनवरून सतत सांगत असतो, तरी ऐकत नाहीत. कोल्हापूरच्या पोरांच्या रक्तातच फुटबॉल आहे, आमच्यात तो नाही असं मानायचं का?’ असं सर विचारतात. शिवाय डोकं वापरायला शिकवणारा एखादा ड्रिल, म्हणजे घोटून घ्यायचा सरावप्रकार, आहे का, दोन टचमध्ये (बॉलला पायाचे दोनच स्पर्श करून) पास दिलाच पाहिजे असा नियम लावू का, त्या चपळ मुलाला काही सामने बाहेर बसवू का आणि पालकांनी जमवलेल्या सहा हजारांतून कोन, पावलांच्या सरावासाठी जमिनीवर अंथरायची शिडी वगैरे घ्यावं का, हेही त्यांना हवं आहे.

सर,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पेन्सिलीनं अधोरेखित करून ठेवलंय : बॉल पायात आला की मुलं आधी तुमच्याकडे बघतात. तुम्ही ते सहज लिहून पुढच्या तक्रारीकडे वळलात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं बारा आणे उत्तर तिथेच आहे.

बॉल पायात असताना मुलानं बघायच्या गोष्टी तीन-चारच असतात. आपला कोण मोकळा आहे, समोरचा किती जवळ आलाय, रिकामी जागा कुठे आहे, गोल कुठे आहे. या यादीत क्रीडाशिक्षक नाहीत. मुलगा तुमच्याकडे बघतो तेव्हा तो डोकं वापरत नाही, असं नाही. वापरतोय, पण ‘आता काय करू’ यासाठी नव्हे, ‘सरांना काय हवंय’ हे ओळखण्यासाठी. म्हणजे तुमची मुलं ऐकत नाहीत ही तक्रार मला उलटी वाटते. ती जरा जास्तच ऐकतात.

हे मी उंटावरून सांगत नाही. मिरजेतल्या एका शालेय सामन्यात मी लाइनवरून ‘डावीकडे! डावीकडे!’ असा घसा ताणला होता. मधल्या फळीत खेळणाऱ्या आमच्या मुलानं बॉल थांबवला, माझ्याकडे वळला आणि ओरडून विचारलं, ‘सर, तुमच्या डावीकडं का माझ्या?’ तेवढ्यात बॉल गेला. पाठोपाठ गोलही झाला. विश्रांतीत मी त्याला सगळ्यांदेखत झापलं. रात्री जेवताना लक्षात आलं, की त्या दुपारी मैदानावरचा सर्वांत शहाणा प्रश्न त्यानंच विचारला होता.

तुम्ही नाट्यपंढरीत राहता. विष्णुदास भाव्यांनी 1843 साली जिथे ‘सीता स्वयंवर’ उभं केलं, त्या गावातल्या माणसाला प्रॉम्प्टर म्हणजे काय हे मी सांगायला नको. नट अडला की विंगेतून शब्द पुरवायचा. पण नाटकाची संहिता आधी लिहिलेली असते, पुढचं वाक्य प्रॉम्प्टरच्या हातात असतं. फुटबॉलमध्ये तुमच्या हातात कसली वही आहे? तुम्हाला मोकळा मुलगा दिसतो, तुम्ही नाव घेऊन ओरडता, ते त्याच्या कानात शिरतं, तो मान वळवतो, आणि तोवर तो मोकळा मुलगा मोकळा राहिलेला नसतो. मग तुम्ही म्हणता, सांगूनही उशीर केला.

आता ड्रिलकडे येतो. आधी सध्याचे ड्रिल काय शिकवतात ते बघू. कोन हलत नाही. कोन पाय घालत नाही, फसत नाही, खांद्यानं रेटत नाही. दहा कोनमधून बॉल काढताना मुलाला ठरवायचं असं काहीच नसतं, कारण वळायचं कुठे हे तुम्ही सकाळी साडेसहाला मांडून ठेवलेलं असतं. जोडीनं पास देतानाही तेच. कुणाला द्यायचा हा प्रश्नच नाही, समोर एकच जण उभा. त्यामुळे मुलं सामन्यात ‘विसरतात’ हे मला पटत नाही. सामन्यात जे लागतं ते सरावात कधी आलेलंच नाही, मग विसरतील काय? काठावर पालथं पाडून हात मारायला शिकवायचं आणि मग थेट कृष्णेच्या पात्रात ढकलायचं, तसं हे झालं.

म्हणून कोन फेकून द्या असंही मी म्हणणार नाही. हल्ली तशीही एक फॅशन आहे. ज्याचा पहिला टच तीन फूट उडतो, त्याची मान वर येणार कशी? त्याचं सगळं लक्ष बॉल परत पकडण्यात. पाय जितका निर्धास्त, तितकी नजर मोकळी. तेव्हा सुरुवातीची दहा-पंधरा मिनिटं प्रत्येकाला एक बॉल आणि मनसोक्त कसरत असू द्या. घरी भिंतीवर मारून परत घेणं, दोन्ही पायांनी, हा गृहपाठ द्या. फक्त तासाभराच्या सरावातली पंचेचाळीस मिनिटं कोनपाशी जात असतील, तर तिथे कात्री लावा.

तुमच्या मुलांत खो-खो खेळलेली किती आहेत? सांगलीच्या शाळेत बरीच असणार. त्यांच्याशी त्याच भाषेत बोला. पाठलाग करणारा गड्याच्या मागे धावत असतो, आणि प्रत्येक चौकापाशी त्याला ठरवावं लागतं : स्वतः पळायचं की खो द्यायचा. एकदा दिशा घेतली की मागे फिरता येत नाही. खो लवकर दिला तर गडी वाचतो, उशिरा दिला तरी वाचतो. ड्रिबल करायचं, म्हणजे बॉल स्वतःच पायाशी ठेवून पुढे न्यायचा, की पास द्यायचा, हा तोच प्रश्न आहे, फक्त पायात बॉल आहे. आणि त्याहून मोलाची गोष्ट चौकात बसलेल्याची. तो आराम करत नसतो. गडी कुठून येतोय, आपला धावणारा कुठपर्यंत आलाय, उठल्यावर कोणत्या बाजूला झेपावायचं, हे सगळं तो पाठीवर थाप पडायच्या आधी मनात ठरवत असतो. खो मिळाल्यावर जो विचार करायला लागला, त्याचा गडी पोलाच्या पलीकडे गेलेला असतो.

फुटबॉलमध्ये नेमकं हेच आहे. बॉलवरचा निर्णय बॉल येण्याआधी घ्यायचा असतो. नॉर्वेचे प्राध्यापक गाइर योर्डेट यांनी इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या खेळाडूंच्या चित्रफिती फक्त एकाच गोष्टीसाठी तपासल्या : बॉल मिळण्याआधी ते बॉलवरची नजर काढून आजूबाजूला किती वेळा बघतात. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 118 खेळाडू होते. जे जास्त वेळा बघत, त्यांचे पास जास्त वेळा आपल्या माणसाला मिळत. सतत मान फिरवणाऱ्यांत फ्रँक लॅम्पार्ड अगदी पुढे होता. आता बघतो म्हणून चांगला खेळतो, की चांगला खेळतो म्हणून बघायला सवड मिळते, हा वाद घालता येईल. पण 2010 ला विश्वचषक जिंकलेल्या स्पेनच्या मधल्या फळीतला चावी बघा (हे नाव मराठीत त्याला भलतंच शोभतं). उंची बेताची, धावण्यात फार वेगवान नाही. बॉल त्याच्याकडे निघाला की त्याची मान आधी एका खांद्यावरून, मग दुसऱ्या खांद्यावरून मागे वळायची. बॉल पायात येईपर्यंत त्याचं बघून झालेलं असायचं. तुमच्या संघातल्या लहानखुऱ्या पोरांना त्याचे व्हिडिओ जरूर दाखवा, पण एका अटीवर : बॉलकडे न बघता चावीच्या मानेकडे बघायचं.

मात्र ‘मान वळव, मान वळव’ असं ओरडून हे येत नाही. मी करून पाहिलंय. मुलं तुम्हाला दाखवायला मान वळवतात, त्यांना दिसत काहीच नाही. बघितल्याशिवाय चालणारच नाही असा खेळ द्यावा लागतो.

सगळ्यात सोपा खेळ तुमच्या मुलांना येतो. चौघं बाहेर, एकावर राज्य, तो मध्ये. दहा-बारा पावलांचा चौकोन आखायचा. बॉल मधल्याला मिळू द्यायचा नाही, ज्याचा पास अडला त्याच्यावर राज्य. युरोपातले मोठे क्लब यालाच रोंडो म्हणतात आणि रोज खेळतात. मुलं सरावली की राज्य दोघांवर द्या. आता बॉल येण्याआधी मधले दोघं कुठे आहेत हे न बघणाऱ्याची लगेच फजिती होते, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. पण एक सांगतो, यात गोल नाही, पुढे-मागे नाही. अंग गरम करायला उत्तम, पण तासभर हेच केलं तर मुलं पास देण्यात पटाईत होतील आणि गोलकडे जायचं विसरतील.

म्हणून दुसरा खेळ, दोघं विरुद्ध एक. वीस पावलं लांब, बारा पावलं रुंद पट्टा. दोघांनी बॉल घेऊन पलीकडच्या रेषेपार जायचं, एकानं अडवायचं. सूत्र एवढंच : तो आला तर दे, नाही आला तर जा. हे मुलांना तीन मिनिटांत कळतं, आणि कळल्या कळल्या तुम्ही ते बिघडवायचं. अडवणारा समोरून न सोडता बाजूनं सोडा. मग मागून सोडा. मग पहिल्यानंतर तीनपर्यंत मोजून दुसरा सोडा, म्हणजे ज्याला सवड होती त्याची सवड संपते. आणि अडवणाऱ्याला बॉल मिळाला तर त्यालाही मारायला मागे चपलांचा एक गोल ठेवा. नाहीतर तो बिचारा म्हणजे पाय फुटलेला कोन.

तिसरा खेळ माझा लाडका. होर्स्ट वाइन नावाचे जर्मन प्रशिक्षक होते, मूळचे हॉकीचे, पुढे मुलांच्या फुटबॉलमध्ये आले. त्यांनी तिघं विरुद्ध तिघं असा चार गोलांचा खेळ रूढ केला. साधारण तीस पावलं लांब आणि पंचवीस रुंद मैदान. प्रत्येक टोकाला दोन कोपऱ्यांत दोन लहान गोल, गोलकीपर नाही. लांबून मारलेला गोल धरायचा नाही, गोलाजवळच्या पट्ट्यात शिरूनच मारायचा. यात काय होतं? एका गोलपाशी गर्दी झाली की दुसरा उघडा पडतो. ते बघण्यासाठी मान वर करावीच लागते. आणि वळलो तर फायदा होतो, हे मुलाला स्वतःलाच कळतं. तुमच्याकडे अठरा मुलं आहेत, म्हणजे एका वेळी तीन मैदानं. कुणी रांगेत उभं नाही. मोठ्या मैदानावर अकरा-अकरा खेळताना तुमच्या लेफ्ट बॅकला, म्हणजे डावीकडच्या बचावपटूला, बॉल किती वेळा मिळतो ते एकदा मोजून बघा, आणि इथे किती वेळा मिळतो तेही. निर्णय घ्यायची सवय निर्णय घेऊनच लागते. इंग्लंडमध्येसुद्धा बारा वर्षांखालच्या मुलांना पूर्ण मैदानावर अकराच्या संघात खेळवत नाहीत, नऊ-नऊ खेळवतात. तुमच्या स्पर्धा अकराच्याच असतील तर सामन्याआधीच्या आठवड्यात मोठं मैदान घ्या, एरवी नको.

कोल्हापूरचं उत्तरही यातच आहे. रक्तात काही नसतं हो. पंचगंगेचं पाणी कृष्णेलाच येऊन मिळतं. तिथे पेठापेठांत तालीम मंडळांचे संघ आहेत. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ ही नावं लहान पोराच्या तोंडी असतात, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की घरातलं मोठं माणूस त्याला खांद्यावर घेऊन जातं. भारतात 2017 ला सतरा वर्षांखालचा विश्वचषक झाला, त्यात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच. पण आपल्या कामाची गोष्ट त्याच्याही अलीकडची आहे. तिथली पोरं शाळेच्या सरावाशिवाय गल्लीत, बोळात, आपल्याहून चार वर्षांनी मोठ्यांबरोबर संध्याकाळ-संध्याकाळ खेळतात. तिथे ‘पास दे’ म्हणून ओरडणारं कुणी नसतं. मोठ्या पोरानं ढकललं की कळतं, इथे ड्रिबल चालत नाही. तुमच्या मुलांना असं मोकळं खेळायला आठवड्यातून एक दिवस द्या. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सातवी ते दहावी मिसळून, संघ त्यांनीच पाडायचे, भांडणं त्यांनीच मिटवायची. तुम्ही लांब झाडाखाली बसायचं. हे सगळ्यात अवघड आहे.

दोन टचचा नियम मी लावणार नाही, लावलाच तर पाच मिनिटांपुरता. त्यानं खेळ लगेच देखणा दिसतो, म्हणून मोह होतो. पण मुलगा पास देतो तो कुणी मोकळा दिसला म्हणून नव्हे, टच संपले म्हणून. त्याच्यासमोर तीस पावलं मोकळी असतील तरी तो देणार. म्हणजे आधी निर्णय तुम्ही ओरडून घेत होता, आता नियमानं घ्याल. बंदीपेक्षा लालूच बरी. उदाहरणार्थ, बॉल एका कडेकडून दुसऱ्या कडेला नेऊन मग मारलेला गोल दोनचा. कडा बदलायची की थेट जायचं, हे मुलांनीच ठरवायचं.

आता तो चपळ मुलगा. त्याच्याबद्दल तुम्ही ‘स्वार्थी’ हा शब्द तीनदा वापरलाय. बारा-तेरा वर्षांच्या पोराला हा शब्द फार मोठा होतो. त्याला बाहेर बसवून तो काय शिकेल? बॉल घेऊन पुढं जाणं धोक्याचं असतं, एवढंच. मग पुढच्या वर्षी तोही बॉल आला की तुमच्याकडे बघेल.

आधी खरं काय ते मोजा. राखीव मुलांपैकी एकाला वही द्या. मैदानाचे आडवे तीन पट्टे आखायचे : आपल्या गोलकडचा, मधला, त्यांच्या गोलकडचा. या मुलाला बॉल कुठे मिळाला, त्यानं काय केलं, पुढे काय झालं, एवढंच टिपायचं. माझा अंदाज असा, की तो बॉल घालवतो ते बहुतेक आपल्या पट्ट्यात किंवा मध्यात. त्यांच्या गोलसमोर त्यानं दोघांना चकवायला जाऊन बॉल घालवला तर टाळ्या वाजवा, तिथे कुणीतरी ते करायलाच हवं. आपल्या गोलच्या तोंडाशी केलं तर शांतपणे वही दाखवा. आणि त्याच वहीत आणखी एक रकाना आखा : त्यानं पास दिल्यावर बॉलचं काय झालं आणि त्याला तो परत मिळाला का? तुम्हीच लिहिलंय की बाकीची मुलं घाबरून कुठंही मारतात. मग पास दिला की बॉल गेला, हे त्या पोराला दोन वर्षांत कळलं नसेल का? त्याच्या जागेवरून बघितलं तर कदाचित त्याचा हिशेब बरोबरच असेल. तसं निघालं तर औषध त्याला नको, बाकीच्यांना हवं.

एक उपाय मात्र लगेच करता येतो. त्याला नववी-दहावीच्या मुलांत खेळवा. जिथे त्याची चपळाई पुरत नाही तिथे तो स्वतःच साथीदार शोधू लागेल. किंवा लहान खेळांत त्याला गल्ली क्रिकेटमधला ‘कॉमन’ करा, ज्यांच्याकडे बॉल त्यांच्या बाजूचा. त्यानं गोल मारायचा नाही, फक्त इतरांना मारायला बॉल पुरवायचा.

याच्या उलट एक मुलगा तुमच्या संघात नक्की असेल, ज्याची तुम्ही तक्रार केलेली नाही. या वयात एकाला मिसरूड फुटलेलं असतं आणि दुसऱ्याचे दुधाचे दात नुकते पडलेले वाटतात. तो थोराड मुलगा तिघांना रेटून गोल मारतो आणि आपण खूश होतो. निर्णय चुकीचा, पण अंगानं निभावून नेलं. तीन वर्षांनी बाकीचे त्याच्याएवढे होतात आणि त्याच्याकडे दुसरं काहीच नसतं. तेव्हा निर्णय वेगळा आणि पाय वेगळा, हे आधी तुम्ही शिका. मोकळ्या मुलाला बघितलं, पास दिला, पण जोर कमी पडून अडवला गेला, तर म्हणा ‘चांगलं बघितलंस’. जोर वाढवता येतो. न बघता मारलेला बॉल नशिबानं आपल्याला मिळाला, तर गप्प राहा.

बोलण्याचंच निघालंय तर, ‘पास का दिला नाहीस?’ हा प्रश्न नसतोच. मराठीत ‘का’ म्हटलं की मुलगा खाली बघतो, कारण पुढे शिव्या येतात हे त्याला घरून माहीत असतं. ‘तुला काय दिसलं?’ असं विचारा. सुरुवातीला ‘काय नाही दिसलं सर’ असं उत्तर येईल. ते खरं उत्तर आहे, त्यावर रागावू नका. हळूहळू ‘तो आत आला म्हणून बाहेरून गेलो’ अशी वाक्यं यायला लागतात. सरावात खेळ थांबवून असं विचारणं दोन-तीनदाच करा, मुलांना खेळायचं असतं.

सामन्यात तर पहिली दहा मिनिटं तोंड उघडायचं नाही असं ठरवून टाका. बोलू द्यायचं ते मुलांना. पण एकमेकांवर हुकूम सोडायचे नाहीत, खबर द्यायची. ‘दे ना इकडं!’ हा हुकूम. ‘मागं हाय!’, ‘एकटा हायस!’, ‘वळ, मोकळं हाय!’ ही खबर. खबर मिळाली की ठरवायचं काम ज्याच्या पायात बॉल आहे त्याच्याकडेच राहतं.

दुसराही एक रस्ता आहे. गोलकीपरनं लांब मारायचा, चपळ मुलानं पळायचं, बाकीच्यांनी मागे थांबायचं. हा साचा महिनाभर घोटला तर तालुका पातळीचे एखाद-दोन सामने तुम्ही जिंकालही. मुख्याध्यापकांना, आणि दहावीच्या क्रीडागुणांकडे डोळे लावलेल्या पालकांना तो आवडेल. कॉर्नर, थ्रो-इन, गोल किक यांचे साचे मीही घोटून घेतो, कारण तिथे बॉल थांबलेला असतो. वाहत्या खेळात मात्र मी नाही घेत. माझा कल तुम्हाला दिसतोच आहे, पण नोकरी तुमची आहे, ठरवा तुम्ही. एवढं मात्र आधीच सांगतो, की मोकळं सोडल्यावर पहिले काही आठवडे खेळ आणखी विस्कळीत दिसतो. पुन्हा पाच गोल बसू शकतात. मुख्याध्यापकांना ते घडण्याआधी जाऊन सांगा, आणि त्या वहीतले आकडे दाखवा : मागच्या सामन्यात आपल्या पट्ट्यात बॉल किती वेळा घालवला, या वेळी किती. सुब्रतो कप या शालेय फुटबॉल स्पर्धेचे जिल्ह्याचे सामने ऐन पावसाळ्यात येतात. तेव्हा चिखलात तुमचा जमिनीवरचा पास डबक्यात जाऊन बसणार, हेही मुलांनाच ओळखू द्या. मैदानावर पाणी साचून सराव बुडाला तर वर्गात बसून मोबाइलवर घेतलेला आपलाच सामना लावा, बॉल पायात यायच्या आधी पॉज करा आणि विचारा, आता काय करशील?

पालकांना लाइनपासून पाच पावलं मागे दोरी बांधून उभं करा आणि प्रत्येकाच्या हातात भडंगाची पुडी द्या. तोंड भरलेलं असलं की माणूस कमी ओरडतो. गंमत म्हणून सांगत नाही, आम्ही केलं होतं.

तासगावच्या एका शिक्षिकेनं मुलींच्या संघाबद्दल जवळपास हेच विचारलंय. त्यांच्या मुली खो-खोतून नुकत्याच आल्यात, बॉल अंगावर आला की अजून डोळे मिटतात. बाई, तुमच्याकडे बघायची सवय आधीच तयार आहे, ती पुष्कळांना जन्मात येत नाही. पायांना मात्र वेळ द्या. पहिले दीड-दोन महिने निम्मा वेळ बॉलशी ओळख, निम्मा वेळ राज्याचा खेळ, तोही चौघींत एकीवरच.

राहता राहिले सहा हजार. शिडी घेऊ नका, तिच्यात पाय कुठे टाकायचा हे आखलेलंच असतं. बॉल घ्या. बारापर्यंतच्या मुलांना चार नंबरचा, तेरा आणि त्यापुढच्यांना पाच नंबरचा, दोन्ही मिळून जितके येतील तितके. उरलेल्यात संघ ओळखायला शर्टावरून घालायच्या तीन रंगांच्या बिब्स, तिसरा रंग ‘कॉमन’साठी. कोन तुमच्याकडे आहेत तेवढे पुरेत, कमी पडले तर चपला आहेतच. आणि एक हवेचा पंप घ्या, चांगला. आमचा नेहमी सामन्याच्या दिवशीच बिघडायचा.